लुंबिनीला गाडी घेऊन जाताना

बुद्धभूमीच्या दर्शनाला जाणे ही आपल्या वस्त्यांमध्ये आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सारनाथ, बोधगया, कुशीनगर ही नावे आपल्या घरातील म्हातारी माणसेही मामाच्या गावाचे नाव घ्यावे इतक्या सहजपणे घेतात. पूर्वी हा प्रवास रेल्वेच्या जनरल डब्यात, पोत्यावर बसून व्हायचा. नंतर यात्रा कंपन्यांच्या बसगाड्या निघू लागल्या. आता कोणाच्या मुलाने बँकेचे कर्ज काढून जीप घेतलेली असते, चार घरे डिझेलचा खर्च वाटून घेतात आणि घराला कुलूप लावून निघतात. ज्या समाजाच्या आजोबांना बैलगाडीतही बसू दिले जात नव्हते, त्यांची नातवंडे आज स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग धरून तथागतांच्या जन्मभूमीला जातात, ही आनंदाची आणि अभिमानाची गोष्ट आहे.

पण गाडी आपली झाली की तिच्या चाकाखाली काय येते आणि ती कोणाच्या दारात उभी राहते, याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागतो. लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे परक्या देशात आहे. तिथे आपल्याकडे पाहून लोक आपल्या समाजाची, आपल्या धम्माची परीक्षा करतात. म्हणून आमच्या प्रवासाची हकिगत वाचक बंधुभगिनींपुढे ठेवत आहोत.

२०२३ साली वैशाख पौर्णिमा ५ मे रोजी होती. मुलांच्या परीक्षा आटोपल्या होत्या. आम्ही अकोल्याहून चार कुटुंबे, लहानमोठी धरून तेरा माणसे, दोन जीपगाड्या घेऊन निघालो. तेरा माणसांना रोज लॉजचे भाडे परवडणारे नव्हते. तेव्हा दोन तंबू, एक मोठी ताडपत्री, सतरंज्या, एक छोटी शेगडी, पिठाचा डबा आणि ठेच्याची बरणी असा संसार गाडीच्या टपावर बांधला. याला इंग्रजीत कॅम्पिंग म्हणतात आणि पैसेवाले लोक हौसेने करतात. आपल्या लोकांना त्यात नवे काही नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपली लाखो माणसे उघड्यावर रात्र काढतातच.

आमच्यासोबत वस्तीत सर्वजण जिला आत्या म्हणतात ती बाई होती. २००९ साली दीक्षाभूमीवरून परतताना अमरावतीच्या अलीकडे तिच्या मालकांची जीप रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. ट्रक बिघडलेला होता. मागे दिवा नव्हता, झाडाची फांदीसुद्धा लावलेली नव्हती. जीपचा ड्रायव्हर दोन रात्रींचा जागा होता. चार माणसे जागीच गेली, त्यात तिचे मालक होते. त्यानंतर आत्या रात्रीच्या वेळी कधी जीपमध्ये बसली नाही. लुंबिनीला यायला ती तयार झाली, पण अटी घालूनच. सूर्य मावळल्यावर चाक फिरणार नाही. गाडी हाकणाऱ्याच्या तोंडाला सात दिवस दारूचा थेंब लागणार नाही. आणि गाडी उभी करायची तर रस्ता सोडून, विचारून. तिचा पोरगा दोन चालकांपैकी एक होता, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होते. आमच्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर आम्ही या तीन अटी लिहिल्या आणि सर्वांच्या सह्या घेतल्या. तरुण मंडळी हसली, पण सह्या केल्या.

बाराशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून, वाटेत सारनाथ व कुशीनगर करून आम्ही गोरखपूरमार्गे सोनौलीला पोहोचलो. तिथे भारत संपतो. कमानीपलीकडे बेलहिया आणि पुढे भैरहवा. नेपाळात भारतीयांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे पुष्कळांना वाटते की गाडीही तशीच नेता येते. तसे नाही. गाडीसाठी तिथल्या जकात कार्यालयातून परवाना काढावा लागतो. त्याला नेपाळीत भन्सार म्हणतात. जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांची फी भरावी लागते आणि मुदत उलटली तर दंड बसतो. एका आर्थिक वर्षात भारतीय गाडीला तिथे तीस दिवसांहून जास्त राहता येत नाही. आम्ही सात दिवसांचा परवाना घेतला. फाटकाजवळ दलाल घोळका करतात, "कागद द्या, दहा मिनिटांत करून देतो" म्हणतात. कारकुनी करणाऱ्या माणसाला खिडकीचे भय नसते. आम्ही रांगेत उभे राहिलो, अर्ज भरला, पैसे मोजून दिले, पावती घेतली. दीड तास लागला, पण पावतीबाहेरचा एक रुपयाही गेला नाही.

जाणाऱ्यांनी कागद आधीच जुळवून ठेवावेत. गाडीचे नोंदणी पुस्तक, चालकाचा परवाना, विमा, पीयूसी. गाडी ज्याच्या नावावर आहे तो सोबत नसेल तर त्याचे संमतीपत्र. माणसांसाठी मतदार ओळखपत्र. केवळ आधार कार्डावर मोठ्या माणसांनी विसंबू नये. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या गाडीच्या विम्याची हद्द देशापुरती असते. नेपाळसाठी थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नसेल आणि काही घडले तर घर विकायची पाळी येईल. त्या वर्षी शंभर रुपयांच्या वरची भारतीय नोट तिथे चालत नव्हती. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ.

नेपाळात गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. आपल्या मुलांना सर्वात गंमत वाटली ती पाट्यांची. गाड्यांचे नंबर देवनागरीत, रस्त्यावरच्या सूचना देवनागरीत. खासगी गाडीची पाटी लाल, भाड्याच्या गाडीची काळी. "बिस्तारै" म्हणजे सावकाश, हा शब्द मुले दिवसभर घोकत होती आणि चालकाने वेग वाढवला की मागून एका सुरात ओरडत होती. परदेशात असून परदेश वाटत नव्हता, आणि नेमका तोच धोका असतो. ओळखीचे वाटले की माणूस सैल होतो. तराईचा रस्ता सपाट आहे, चालकाला वेगाचा मोह होतो. पण त्याच रस्त्यावर म्हशी, सायकली, शाळेची पोरे आणि बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा असतात. आपल्या हातून तिथे कोणाचे लेकरू दुखावले तर "आम्ही बुद्धाच्या दर्शनाला आलो होतो" असे कोणत्या तोंडाने सांगणार?

भैरहव्याहून लुंबिनी बावीस किलोमीटर. तिथे मायादेवी मंदिराच्या उद्यानात गाडी जात नाही. बाहेर ठरलेल्या जागी उभी करायची आणि आत पायी किंवा रिक्षाने जायचे. जपानी वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांनी १९७८ साली या परिसराचा आराखडा पूर्ण केला. मधोमध कालवा, पूर्वेला थेरवादी आणि पश्चिमेला महायानी देशांचे विहार, आणि सगळीकडे झाडी. हॉर्नचा आवाज आत पोहोचत नाही तेव्हा मन आपोआप शांत होते. १९९७ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे.

सम्राट अशोकाचा स्तंभ पाहिल्यावर आमच्या मंडळींच्या डोळ्यांना धारा लागल्या. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी सम्राट स्वतः इथे आला, बुद्ध शाक्यमुनी इथे जन्मले म्हणून या गावाचा बली नावाचा कर त्याने माफ केला आणि उत्पन्नावरचा वाटा आठव्या भागावर आणला, असे त्या स्तंभावर कोरलेले आहे. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, आम्हाला हा हिशेब फार भावला. एवढा मोठा राजा तीर्थाला आला आणि गावावर भार टाकण्याऐवजी गावाचा भार हलका करून गेला. पाहुण्याने कसे यावे, याचा धडाच तो दगड देतो.

दुर्दैवाने त्याच दिवशी दुसरे चित्रही पाहावे लागले. पौर्णिमेची गर्दी असल्याने गाड्यांच्या जागा सकाळीच भरल्या होत्या. आम्ही दोन किलोमीटर अलीकडे, एका शेतकऱ्याला विचारून, त्याच्या कापणी झालेल्या शेताच्या कडेला गाड्या लावल्या होत्या. दुपारी परत येताना पाहिले तर जवळच्या वस्तीच्या तोंडाशी एक यात्रेची बस आडवी उभी. वस्तीतून बाहेर पडायची तीच एक वाट. हातपंपाभोवती जेवणाच्या पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे पेले, सांडलेला भात. एक माणूस बैलगाडी घेऊन बसच्या मागे अडकून पडलेला. बसच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो आणि टपावर निळा झेंडा. आपलीच माणसे.

आमची निळी पट्टी पाहून वस्तीतील एक बाई तरातरा पुढे आली. हिंदीत म्हणाली, "तुम्ही भगवानाला फुले वाहता आणि आमच्या पाण्यापाशी उष्टे टाकता. आम्ही काय केले तुमचे?"

आमच्यातील एक तरुण म्हणाला, "ही बस आमची नाही, बाई." ते खरेच होते. पण आत्या काही बोलली नाही. तिने पदर खोचला, गाडीतून खराटा काढला आणि हातपंपाजवळ झाडू लागली. आमच्या बायका तिच्यामागे गेल्या. आम्ही पुरुषांनी झोपलेल्या बसवाल्याला उठवून बस हलवायला लावली. बैलगाडी निघून गेली. थोड्या वेळाने बसमधली मंडळी दर्शन घेऊन परतली. आधी त्यांना राग आला. मग त्यांच्यातील एक आजीबाई खाली वाकून पेले वेचू लागली आणि म्हणाली, "आमाले काय ठाव का ही कोनाची वाट हाये म्हून." त्यांचा हेतू वाईट नव्हता. ड्रायव्हरने जिथे बस थांबवली तिथे ती उतरली, पाणी दिसले तिथे चूल मांडली.

त्या रात्री एका विहाराच्या मागच्या आवारात, भंतेजींच्या परवानगीने आम्ही तंबू ठोकले होते. जेवणानंतर हाच विषय निघाला. तो तरुण चिडलेला होता. "पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी गावे झाडली. बाबासाहेबांनी ते काम सोडायला सांगितले. मग इथे येऊन पुन्हा झाडू का घ्यायचा?" प्रश्न रास्त होता. आत्या म्हणाली, "बाबा, तेव्हा दुसऱ्याची घाण झाडत होतो, ते सोडलं. ही आपली होती." यावर कोणाला बोलायला जागा राहिली नाही.

आम्हाला त्या वेळी महाडची आठवण झाली. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले ते सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा हक्क आहे हे सिद्ध करण्यासाठी. तो हक्क आपण रक्त सांडून मिळवला. त्या लुंबिनीच्या बाईलाही तिच्या पाण्यावर तोच हक्क आहे. पाण्यापाशी हाकलून लावल्याचे दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी दुसऱ्याच्या पाण्याची वाट अडवू नये. आपण कोठे उभे राहायचे हे शेकडो वर्षे इतरांनी ठरवले. आता आपण ठरवतो. तेव्हा ते शहाणपणाने ठरवले पाहिजे.

७ मे रोजी आम्ही पोखऱ्याकडे निघालो. सिद्धार्थ राजमार्ग भारताच्या मदतीने बांधलेला आहे. सीमेपासून पोखरा सुमारे १८० किलोमीटर, पण किलोमीटरवर जाऊ नये. बुटवल सोडले की डोंगर सुरू होतो आणि सिद्धबाबाच्या परिसरात कड्यावरून दगड घसरतात. आम्हाला तिथे तीन तास थांबावे लागले. आमच्यासोबत एस.टी.तून निवृत्त झालेले चालक काका होते. त्यांनी सर्वांना सांगितले, कड्याच्या थेट खाली गाडी उभी करू नका, मागे मोकळ्या जागी घ्या. रांगेतला नंबर गेला तरी चालेल.

घाट सुरू झाल्यावर काकांचाच शब्द चालला. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचे नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न द्यायचा, पण ओव्हरटेक करायचे नाही. गाडी चढावर उभी केली तर पहिला गिअर, उतारावर उभी केली तर रिव्हर्स, पुढचे चाक डोंगराकडे वळवलेले आणि चाकाला दगड. आणि निघताना तो दगड उचलून कडेला ठेवायचा. पुष्कळ जण दगड तसाच सोडून जातात आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर आपटून जीव गमावतो. काका प्रत्येक थांब्यावर मुलांकडून दगड उचलून घेत. तेव्हा आत्या खिडकीतून बघत राही. ती काय आठवत असेल हे आम्हा सर्वांना कळत होते.

तीन तास गेल्यामुळे काळी गंडकीवरच्या रामदीच्या पुलाशी येईपर्यंत दिवस मावळला. पोखरा अजून बरेच दूर. तरुण मंडळी म्हणू लागली, "तीन तासांची तर गोष्ट, आता थांबून काय करायचे?" आत्याने वहीचे पहिले पान उघडायला सांगितले. आम्ही थांबलो. नदीकाठी वाळूचा छान सपाट पट्टा होता, तंबूला अगदी योग्य. पण चहाच्या दुकानातील बाईने हात हलवून मनाई केली. वर डोंगरात पाऊस पडला की पाणी केव्हा वाढेल सांगता येत नाही, म्हणाली. तिनेच वरच्या शाळेच्या गुरुजींना बोलावले. शाळा सकाळी दहाला भरते, त्याआधी मैदान मोकळे करा, एवढीच त्यांची अट. रात्री विजा चमकल्या, दूर पाऊस पडला. सकाळी खाली पाहिले तर नदी गढूळ झाली होती आणि वाळूचा निम्मा पट्टा पाण्याखाली गेला होता. तरुण मंडळी बराच वेळ पुलावर उभी राहून पाहत होती. कोणी कोणाला काही बोलले नाही. नऊच्या आत मैदान झाडून आम्ही गुरुजींना गाडीतील वह्या-पेन्सिली दिल्या आणि निघालो.

पोखऱ्याला फेवा तलावाच्या काठी पैसे भरून तंबूची जागा मिळाली. पार्किंगचीही पावती असते, ती जपून ठेवावी. गाड्या आम्ही तोंड रस्त्याकडे करून लावत होतो, म्हणजे रात्री कोणी आजारी पडले तर लगेच निघता येते. शेगडी गाड्यांपासून दूर मांडत होतो. समोरच्या टेकडीवर निप्पोनझान म्योहोजी या जपानी संघाचा शांती स्तूप आहे. त्याचे काम १९७३ साली सुरू झाले, पुढच्या वर्षी सरकारने ते पाडले, आणि अखेर १९९९ साली तो उभा राहिला. पाडले तरी पुन्हा बांधायचे, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

तलावाकाठी दारूची दुकाने पावलोपावली आहेत. दुसऱ्या संध्याकाळी आमचे दोघे तरुण "जरा फिरून येतो" म्हणून उठले. आत्याने दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या कनवटीला लावल्या होत्या. ती पोराला म्हणाली, "तुझा बाप दारू पीत नव्हता. तरी गेला. दुसऱ्याच्या बेफिकिरीनं गेला. तुला परवा दुसऱ्याची लेकरं मागं बसवून हा घाट उतरायचा आहे." पोरगा गेला नाही. त्याने शेगडी पेटवली आणि सर्वांना चहा करून दिला. नेपाळचे पोलिसही याबाबत कडक आहेत. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या तपासणीला त्यांनी "मापसे" असे नाव दिले आहे, मादक पदार्थ सेवन या शब्दांवरून. पण पोलिसांच्या भीतीपेक्षा बावीस प्रतिज्ञांमधील मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आपल्याला पुरेशी असली पाहिजे.

१९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात प्रकृती ढासळलेली असतानाही बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. पुढे काही दिवसांतच, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या देशात ते बौद्ध जगासमोर अखेरचे उभे राहिले, तिथे आपण त्यांचे नाव काचेवर लावून जातो. ते नाव लावलेली गाडी कोणाची वाट अडवून उभी राहू नये, कोणाच्या पाण्यापाशी घाण टाकून निघू नये, आणि नशेत तर कधीच चालू नये.

यंदा किंवा पुढच्या वर्षी जे बंधुभगिनी गाडी घेऊन जाणार असतील त्यांनी निघण्यापूर्वी विहारात एक बैठक घ्यावी. चालक कोण, दुसरा चालक कोण, मुक्काम कोठे, हे ठरवून वहीत लिहावे. बायकांना त्या बैठकीत बोलू द्यावे, कारण अपघातानंतर संसार त्यांनाच ओढावा लागतो. सामानात एक खराटा, दोन रिकामी पोती आणि मागे ठेवायला लाल कापड व टॉर्च अवश्य घ्यावी. आम्ही सातव्या दिवशी भन्सारची चिठ्ठी दाखवून सोनौली ओलांडली आणि तेराही माणसे धडधाकट घरी आणली. त्या वहीची प्रत ज्या मंडळांना हवी असेल त्यांनी विहारात मागावी.

जयभीम! नमो बुद्धाय!